नेरळचे नालबंद मामा: चार फेऱ्यांनंतर

ठाण्यात कुत्र्यामांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत. घोड्यासाठी नालबंद शोधायला निघा, मग कळतं. उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, त्यानंतर या कामातली माणसं पांगली, असं मला दोघा-तिघांनी सांगितलं. शेवटी मिळाले ते नेरळचे मामा. एरवी माथेरानच्या घोड्यांना नाल ठोकतात.

आमची घोडी मार्चमध्ये वाघबीळला सासऱ्यांच्या रिकाम्या गोठ्यात आली. वरातीत नाचवलेली, पांढरी. मालकाने धंदा मोडला आणि तिला तशीच शेडमध्ये बांधून ठेवली. डॉक्टरांनी बरगड्या, कणा, मान चाचपली आणि अंगावरच्या मांसाला नऊपैकी दोन गुण दिले. चंदी बिलकुल द्यायची नाही म्हणाले. उपाशी जनावराला एकदम धान्य चारलं की रक्तातलं फॉस्फरस घसरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून नुसती लसूणघास, थोडी थोडी, दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. घरात बाळंतीण असावी तसे आमचे गजर वाजायचे.

अंग भरायला लागलं, पण चालणं सुधारेना. पुढचे दोन्ही खूर नवरदेवाच्या मोजडीसारखे टोकाला वर वळले होते.

मामांच्या आधी एकाला बोलावलं होतं. तो म्हणाला, एका बैठकीत सगळं कापतो, संध्याकाळपर्यंत नवी घोडी. माझी हिंमत झाली नाही. मामांनी आल्या आल्या पकडीला हातही लावला नाही. दहा मिनिटं तिच्या आयाळीच्या मुळाशी खाजवत उभे राहिले आणि ती भार कुठल्या पायावर टाकते ते बघत राहिले. मग पाय मांडीवर घेऊन फक्त टोक काढलं, टाचेवर थोडी कानस फिरवली आणि पाय सोडला. "ताई, कंडरा वाकड्या पायाला सरावल्यात. एकदम सरळ केलं तर ओढ बसेल." मला वाटलं, फेऱ्या वाढवायची युक्ती. डॉक्टरांना विचारलं, तेही तेच म्हणाले.

तळव्याच्या खाचेत काळं, कुजक्या कांद्याच्या वासाचं काहीतरी होतं. मामांनी खरवडून माझा अंगठा तिथे टेकवला, किती मऊ पडलंय ते कळावं म्हणून. औषधापेक्षा जमीन कोरडी ठेवा, म्हणाले. घोडबंदर रोडच्या पावसात हे सांगणं सोपं आहे! दिवसातून दोनदा लाकडाचा भुसा बदलत होतो.

नाल मारून द्या म्हटलं तर सरळ नाही म्हणाले. "तिला चालायचंय कुठे? खुराची भिंत पातळ आहे, खिळा धरणार नाही." हातचं काम सोडणारा कारागीर मी बऱ्याच दिवसांनी पाहिला.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत. दहाची वेळ देऊन दीडला उगवतात आणि खापर माजिवड्याच्या ट्रॅफिकवर फोडतात, जे निम्म्या वेळा खरंही असतं. रोखच लागते, फेरीला १,५०० आणि वर पेट्रोल. खुराच्या कापट्या तिथेच टाकून जातात. त्या आमच्या कुत्र्याला फार आवडतात, आणि पहिल्या वेळी त्याने रात्रभर त्या गालिच्यावर ओकल्या. हे कुणी आधी सांगायला नको का?

खूर महिन्याला सेंटिमीटरभरही वाढत नाही, त्यामुळे घाई असेल त्याने या वाटेला जाऊ नये. दर सहा आठवड्यांनी मामा येतात. केसांच्या खाली नव्या खुराची गुळगुळीत पट्टी आता दोन बोटं उतरली आहे, त्याखाली जुना खडबडीत भाग. चौथ्या फेरीला मामांनी "पाय" म्हटल्याबरोबर तिने स्वतःहून उचलून दिला. कुत्र्याला मी आधीच बांधून ठेवलं होतं.