एका सेलची साधी टॉर्च: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ज्यांना टॉर्चची हौस नाही, पण लाइट गेल्यावर हाताशी एक भरवशाची टॉर्च हवी, त्यांच्यासाठी हा अनुभव. वापरलेली टॉर्च अगदी साधी: एक एए सेल, म्हणजे आपला पेन्सिल सेल, मागच्या झाकणात कट्‌कन दबणारं बटण आणि मंद, मध्यम, प्रखर असे तीन उजेड. आठ महिने ती दाराजवळच्या खुंटीवर आहे. अडीअडचणीच्या टॉर्चची परीक्षा पहिल्या दाबाला होते. कित्येक आठवडे पडून राहिल्यावरही ती लागली पाहिजे आणि घरातल्या कोणालाही न शिकवता लावता आली पाहिजे. या दोन्ही बाबतींत ती खरी उतरली. तक्रारी आहेत, त्या पुढे येतीलच.

खोक्यावरचा लुमेनचा, म्हणजे टॉर्चमधून निघणाऱ्या एकूण उजेडाचा, आकडा पाहून निवड केली की चूक होते. रात्री खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत जायला ५ लुमेन भरपूर होतात, जिन्याला आणि अंगणाला ३० ते ५०. शंभरच्या वरचा उजेड लागतो तो बाहेर, थोडं लांबचं पाहायला, आणि तोही मिनिट-दोन मिनिटं. एका एए अल्कलाइन सेलमधून खर्च-वेच वजा जाता साधारण २०० ‘लुमेन-तास’ मिळतात असं धरा: ४० लुमेनवर ५ तास, ५ लुमेनवर ४० तास. प्रखर उजेडावर मात्र हा हिशेब कोलमडतो. अल्कलाइन सेलचा अंतर्गत रोध जास्त, त्यामुळे जोरात प्रवाह ओढला की व्होल्टेज खाली बसतं आणि बरीच शक्ती सेलच्या आतच उष्णता होऊन जाते.

‘इतके तास चालते’ हा आकडाही जपून वाचा. एफएल१ या मापन-पद्धतीत टॉर्च लावल्यानंतर ३० सेकंदांनी असलेला उजेड १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात. म्हणजे शेवटचे काही तास नुसत्या मिणमिणत्या उजेडाचेही असू शकतात. झोताचं अंतर जिथे ०.२५ लक्स (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उरतो तिथपर्यंत धरतात, हा उजेड साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. तेवढ्यात माणूस ओळखू येत नाही, म्हणून छापील अंतर निम्मं समजावं.

आता सेल, कारण बहुतेक टॉर्च मरतात त्या सेलमुळेच. अल्कलाइन सेल संपत आला की किंवा आत विसरला की त्याला पाणी सुटतं. ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, दाहक क्षार. हवेत त्याची पांढरी बुरशीसारखी पूड होते आणि स्प्रिंग खाऊन टाकते. पूड दिसली तर हातमोजे घालून सेल काढा, कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसा, मग ओल्या कापडाने पुसून पूर्ण वाळू द्या. स्प्रिंग हिरवट होऊन झिजली असेल तर मात्र उपयोग नाही.

नेहमी हाताळायच्या टॉर्चमध्ये पडून राहिल्यावर चार्ज कमी गमावणारा, रिचार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल घाला. जुन्या पद्धतीचे असे सेल महिनाभरात बराच चार्ज गमावायचे. हे वर्षानंतरही बहुतांश धरून ठेवतात, आणि प्रखर उजेडावर अल्कलाइनपेक्षा सरस चालतात. वर्षानुवर्षं पिशवीत पडून राहणार असेल तर रिचार्ज न होणारा १.५ व्होल्टचा लिथियम एए: महाग, पण फार काळ टिकतो आणि पाझरण्याचा धोका फार कमी. स्वस्त झिंक-कार्बन सेल नकोतच. दोन-तीन सेलच्या टॉर्चमध्ये नवा-जुना सेल एकत्र घालू नका. दमलेला सेल रिकामा झाला तरी बाकीचे सेल त्यातून प्रवाह ढकलत राहतात आणि तोच आधी फुटतो.

यूएसबीवर चार्ज होणाऱ्या, आत कायमची बॅटरी असलेल्या टॉर्च रोजच्या कामाला उत्तम. आणीबाणीसाठी ती पहिली पसंती नाही, कारण ती संपेल तेव्हा वीजही गेलेली असेल. शिवाय हलक्या दाबाचं इलेक्ट्रॉनिक बटण टॉर्च बंद असतानाही थोडा प्रवाह खातं. कट्‌कन दबणारं यांत्रिक बटण सर्किट खरंच तोडतं.

आता या टॉर्चच्या उणिवा. दर वेळी ती मध्यम उजेडावर लागते, मध्यरात्री ते डोळ्यांना टोचतं. घेताना मंदावर सुरू होणारीच बघा. लुकलुकणारे मोड नाहीत, हे फार चांगलं. गोल असल्याने टेबलावरून घरंगळते. बटण बाहेर आलेलं आहे म्हणून उभी राहत नाही. पेल्यात, काच वर करून ठेवली की पांढऱ्या छतावरून उजेड परतून अख्खी खोली उजळते. शिवाय रंग काळा, अंधारात सापडत नाही, म्हणून अंगावर अंधारात चमकणारी पट्टी चिकटवणं भाग पडलं.

पाचव्या महिन्यात उजेड थरथरू लागला. सेल चांगला होता. मागच्या झाकणाच्या आट्यांवर कचरा बसला होता. विजेचा रस्ता तिथूनच जातो. कोरड्या सुती कापडाने आटे आणि नळीची कड पुसली, रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला, थरथर थांबली. पेट्रोलियम जेली टाळावी, काही प्रकारचं रबर तिने फुगतं.

महिन्यातून एकदा तपासताना नुसती लावून बंद करू नका. प्रखर उजेडावर अर्धा मिनिट ठेवा. दमलेला सेल मंद उजेडाला खुशाल साथ देतो, प्रखरावर काही सेकंदांतच ढेपाळतो. ढेपाळला की तो सेल त्याच दिवशी बदला.