अमरधामाच्या रस्त्यावरचं दुकान : पाचपैकी साडेचार

अंत्यविधीचं सामान विकणाऱ्या दुकानाला तारे द्यायचे हे जरा विचित्रच. पण लोक मंडपवाल्याला देतात, केटररला देतात, वरातीच्या घोडेवाल्यालाही देतात. मग यानेच काय घोडं मारलंय? शिवाय या दुकानाची गरज पडते तेव्हा चार ठिकाणी चौकशी करायच्या मनःस्थितीत कुणी नसतं. आधीच कुणीतरी लिहून ठेवलेलं बरं.

माझा अधिकार एवढाच, की आमच्या गल्लीत कुणी गेलं की सामान आणायला मी जातो. घरचे रडत असतात, पोरं नातेवाइकांना फोन लावत असतात, आणि कुणीतरी म्हणतं, "अण्णांना सांगा." प्रेसमधून निवृत्त झाल्यापासून तर हे खातं कायमचं माझ्याकडे आलं. (नाशकात प्रेस म्हणजे नोटांची, वेगळं सांगायला नको.) मोजून घेण्यात आणि मोजून देण्यात जन्म गेला, त्यामुळे कुठल्याही दुकानात माझी नजर आधी यादीवर आणि दरावर जाते. इथे मात्र कान आधी टवकारले.

दिवसा गल्ल्यावर सून बसते. मागे सासरे बांबू कापत असतात. आपण पायरी चढलो की ती उभी राहते. "या" नाही, "बोला" नाही, "काय पाहिजे" तर नाहीच. इथे आलेल्याला काय पाहिजे हे का विचारायचं असतं! पहिला प्रश्न हळू आवाजात, "वय काय होतं?" आपण ऐंशी म्हटलं की तिथून पुढे "आजोबा", पन्नास-पंचावन्न म्हटलं की "काका". "आजोबा उंच होते का?" असं विचारते आणि सासऱ्यांकडे बघते, ते त्या मापाचे बांबू काढतात. तासाभरापूर्वी दवाखान्याच्या काउंटरवर "बॉडी कधी हलवताय?" ऐकून आलेल्या मुलाला इथे आपल्या वडिलांचं नातं परत मिळतं. एकदा असाच एक मुलगा सोबत होता. तोवर कोरडा ठणठणीत होता, "आजोबा" ऐकलं आणि तिथेच बाकावर बसून रडला. तिने पाण्याचा तांब्या ठेवला आणि सुतळी मोजायला लागली. "रडू नका" म्हणाली नाही.

बाई गेली असेल तर प्रश्न नाजूक होतो. नवरा हयात असेल तर हिरवी साडी, हळदकुंकू, बांगड्या, गजरा असं सगळं लागतं. नसेल तर नाही. पण "नवरा आहे का?" असं त्या क्षणी विचारणार कसं? तो नवराच कदाचित समोर उभा असतो. ती फक्त विचारते, "साडी हिरवी काढू?" हो किंवा नाही, एवढ्यात काम होतं.

त्याहून मोठी खुबी पुढे आहे. अंत्यविधी जातीजातीत वेगळा. लिंगायतांमध्ये बसवून समाधी देतात, तिथे तिरडी उपयोगाची नाही, विभूती लागते. कुणाकडे टाळ-मृदंग, तुळशीची माळ आणि बुक्का, कुणाकडे गुलाल. म्हणजे दुकानदाराला जात कळल्याशिवाय धंदा होत नाही, आणि जात विचारणं तर सभ्यपणाला धरून नाही. ती विचारते, "तुमच्यात कसं करतात?" यावर माणूस रीत सांगतो, जात सांगत नाही, आणि सामान बरोबर निघतं. लग्न जुळवणाऱ्यांनी आणि घरभाड्याच्या एजंटांनी इथे एखादा आठवडा उमेदवारी करावी असं माझं मत आहे. आमच्या गल्लीतल्या एका शिक्षकांनी देहदान केलं होतं, तेव्हा मी फक्त एक हार मागितला. "बाकी काही?" असंही तिने विचारलं नाही. हार दिला.

आता दर. दुःखात कुणी घासाघीस करत नाही. आईच्या तिरडीच्या बांबूवरून हुज्जत घातली असं कुणाला ऐकून घ्यायचं असतं? हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि काही जण त्याचा पुरेपूर फायदा घेतात. या दुकानात भिंतीवर दरफलक आहे. बांबूची जोडी, कामट्या, कडबा, पांढरं कापड, सुतळी, मडकी, गोवऱ्या, कापूर, तूप, प्रत्येकाचा दर वेगळा, खडूने लिहिलेला. तोंड न उघडता सगळं वाचता येतं. विद्युतदाहिनी असेल तर गोवऱ्या कमी लागतील हे ती आपणहून सांगते आणि कमीच देते. लाकडावर दहन म्हटलं की तीन-चारशे किलो लाकूड लागतं, त्यात गोवऱ्यांचा ढीग खपवणं काही अवघड नसतं. तो न खपवणं हीच माझ्या लेखी दुकानदाराची खरी अदब.

पैशाची वसुलीही ऐकण्यासारखी आहे. खिशात पाकीट नसेल तर "होईल नंतर." तेराव्यापर्यंत फोन नाही. त्यानंतर मला फोन येतो, "काका, त्यांच्याकडचं तेरावं नीट पार पडलं ना?" पैशाचा शब्दही नाही. मी संध्याकाळी त्या घरी चक्कर मारतो.

शेजारच्या हारवाल्याकडे मोबाइलवरून पैसे भरले की गल्ल्यावरचा डबा खणखणीत आवाजात आकडा ओरडून सांगतो, खांदेकरी दचकतात. हिच्याकडेही तसलाच डबा आहे, पण आवाज बंद ठेवलेला. स्क्रीन दाखवली की मान हलवते.

मध्यंतरी आमच्या इमारतीत एका कुटुंबाने मोबाइलवरून अंत्यविधीचं पॅकेज मागवलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही. सामान चांगलं होतं, गाडी वेळेवर आली, माणसं गणवेशात, वागणूकही नीट. पण अस्थी घेऊन घरी यायच्या आत मेसेज आला : आमची सेवा निवडल्याबद्दल धन्यवाद, पुन्हा सेवेची संधी द्या. त्याखाली हसरा चेहरा. त्या घरातल्या म्हाताऱ्या सासूबाईंनी तो मोठ्याने वाचला आणि म्हणाल्या, "माझ्यासाठी असेल." लोक हसले, पण कसे हसले ते मी पाहिलंय. समाचाराला गेलेला माणूस निघताना "येतो" म्हणत नाही आणि घरचे "या" म्हणत नाहीत, हे तो मेसेज लिहिणाऱ्याला घरी कुणी सांगितलेलं नसावं. आमच्या या दुकानात सामान रिक्षात चढलं की सून पाठ फिरवून आत जाते. नवख्याला ते तुसडेपणाचं वाटेल. एका पाहुण्याने मला तसं विचारलंही, "बाई फार फटकळ दिसतात." मी म्हटलं, घरी गेल्यावर वडिलांना विचारा.

सामानाबरोबर एक छापील चिठ्ठी देतात, ती जपून ठेवा. तिच्यात विधी कमी, कागदपत्रं जास्त. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर फॉर्म चार (मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरी दाखला), घरी झाला असेल तर डॉक्टरांकडून चार-अ, आधारच्या झेरॉक्स, मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत. एक ओळ खाली रेघ मारून : "अश्मा दहाव्यापर्यंत सांभाळणे." ज्या दगडाने मडक्याला भोक पाडतात तो अश्मा गडबडीत हरवतो आणि दहाव्याला रामकुंडावर सगळे एकमेकांची तोंडं बघत उभे राहतात. बाहेरगावाहून अस्थी घेऊन येणाऱ्यांनाही ही चिठ्ठी उपयोगी आहे, कारण रामकुंडावर विचारलं तर दहा जण दहा सल्ले देतात, तेही दक्षिणेसकट.

कमतरता आहेत. गाडी लावायला जागा नाही. मडकी कधी कधी कच्ची असतात, वाजवून घ्यावीत. कापड बरं असतं, पण पंचा आखूड. इथे अर्धा तारा देता येत नाही म्हणून चार दिसताहेत, ते साडेचार समजा.

अर्धा तारा कापला तो रात्रपाळीपायी. रात्री दहानंतर मुलगा बसतो. माणूस मदतीला तत्पर, रात्री दोनला फोन केला तरी उचलतो, स्वतःच्या टेम्पोतून बांबू घरपोच आणतो. पण बोलतो फार. "कशानं गेले?" हा त्याचा पहिला प्रश्न, आणि आपण अॅटॅक म्हणायचा अवकाश, की त्याच्या मामेभावाची अँजिओप्लास्टी सुरू होते, कुठल्या डॉक्टरने किती उकळले यासकट. बायकोचं ऐकून तरी शिकायला हवं होतं, पण ती दिवसा आणि हा रात्री, गाठ पडत असेल तर शटरपाशी. तेव्हा रात्री जाणाऱ्याने फोनवरच वय, उंची आणि रीत सांगून टाकावी, दुकानाच्या शटरवर नंबर आहे. सामान बांधून तयार असतं, आणि मामेभाऊ ऑपरेशन टेबलावर पोचायच्या आत निघता येतं.