रिवेराचं ड्रॉइंग घ्यायचं की १९३२ चा लिथो?

मित्र मूळचा वर्ध्याचा, राहतो न्यू जर्सीत, आणि गेले पंधरा दिवस रोज फोन करून माझं डोकं खातोय. कारण एका डीलरने त्याला मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराचे दोन कागद दाखवलेत. रिवेराच का, तर त्याने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजेंना रंगवलंय, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवायचे ते. त्यामुळे दुसरं नाव काढायची सोयच नाही.

पहिला कागद म्हणजे शाईचं छोटं ड्रॉइंग, पातळ जपानी कागदावर, पाठीवरच्या टोपलीखाली वाकलेला हमाल. दुसरा म्हणजे 'सापाता', मेक्सिकन क्रांतीतल्या शेतकरी नेत्याचं चित्र, लिथोग्राफ (दगडावर काढून त्यावरून कागदावर छापलेलं), १९३२ चा.

ड्रॉइंगची मजा कबूल आहे. रिवेराचा हात थेट त्या कागदावर फिरलाय (म्हणजे ते खरंच त्याचं असेल तर), आणि ते जगात एकच. पण असे हमाल, बाजारातल्या बायका, गुबगुबीत पोरं रिवेराने ढिगाने काढलीत, आणि चार रेषांत उरकणाऱ्या चित्राची नक्कल करणंही सोपं, म्हणून बाजारात खोटी रिवेरा ड्रॉइंग्ज भरपूर. इथे चित्राइतकीच कागदपत्रं बघायची, कुणी कधी घेतलं, कुठे दाखवलं, जुनी पावती, प्रदर्शनाचं लेबल काहीतरी. याच्यासोबत काय आलंय, तर 'एका कुटुंबाच्या संग्रहातून' एवढी एक ओळ. मग काय बोलणार!

लिथोचं तसं नाही. जॉर्ज मिलरने न्यूयॉर्कात छापलेला, आवृत्ती १०० प्रतींची, बऱ्याच म्युझियममध्ये प्रती आहेत, म्हणजे आपला कागद शेजारी ठेवून रेघ न् रेघ ताडून बघता येते. चित्र मूळचं मेक्सिकोतल्या कुएर्नावाकाच्या कोर्तेस राजवाड्यातल्या म्युरलमधलं, म्हणजे भिंतीवरच्या चित्रातलं. पांढऱ्या घोड्याचा लगाम धरून सापाता उभा, पायाशी मेलेला जमीनदार, मागे शेतकरी. गंमत म्हणजे खरा सापाता चांगला नटूनथटून राहायचा, घट्ट विजार, मोठी टोपी, आणि रिवेराने त्याला साधे पांढरे सुती कपडे घालून पार शेतकरी करून टाकलाय.

आता त्या लिथोचं दुखणं. फ्रेममध्ये छान दिसत होता, मी हट्टाने बाहेर काढायला लावला तर चारी बाजूंनी बोटभर रुंदीचा तपकिरी पट्टा, जुन्या आम्लयुक्त पुठ्ठ्याच्या माउंटने भाजलेला, आणि मागे वरच्या कडेला पिवळी पडलेली टेप. डीलर म्हणतो 'हलका टोन आहे'. हलका कसला, फोडणी करपल्यासारखा रंग आहे! पण पेन्सिलची सही स्वच्छ, चित्राच्या भागात डाग नाही, आणि कागदाच्या कन्झर्वेटरकडे दिला तर पट्टा बराच फिका होऊ शकतो. तो खर्च किमतीतून कापून मागायचा, लाजायचं नाही.

आणि एक मुद्दा त्याच्या लक्षातच आला नव्हता, कागद आत्ता आहे कुठे? ड्रॉइंग मेक्सिको सिटीत आहे. रिवेरा, ओरोस्को, सिकेरोस या मेक्सिकन चित्रकारांची कामं तिथे राष्ट्रीय वारसा धरतात, १९७२ च्या कायद्याने तिथलं काम कायमचं देशाबाहेर नेता येत नाही, प्रदर्शनापुरती परवानगी मिळते ती वेगळी. म्हणजे पैसे देऊनही तो हमाल न्यू जर्सीला यायचा नाही. लिथो मात्र अमेरिकेतच, शिकागोत पडून आहे.

माझं विचाराल तर मी दोन्ही सोडून ओरोस्कोचा 'रेक्विएम' शोधला असता, १९२८ चा लिथो, दारात पाठमोरी गुडघे टेकलेली माणसं आणि मेणबत्त्या, एकाचाही चेहरा नाही पण नजर हटत नाही. हे बोललो तर फोनवर गप्प झाला. शेवटी लिथोवर आलाय, पण मी एकच सांगितलंय, चित्राभोवतीचं कोरं मार्जिन कापलंय का ते आधी माप, पट्ट्यासकट पूर्ण कागदाचं माप डीलरकडून लेखी घे, ॲडव्हान्स त्यानंतर.