लग्न, मूल, नसबंदी: पीएचडीसाठी एनएफएचएस-५ चा कच्चा डेटा कितपत पुरतो?

लग्न कोणत्या वयात होतं, मुलं किती आणि कधी होतात, सरकारी धोरणाने त्यात काही फरक पडतो का, असा विषय पीएचडीला घेतला की बहुतेकांची गाडी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणापाशी (एनएफएचएस) येऊन थांबते. २०१९-२१ ची पाचवी फेरी मुंबईतल्या देवनारच्या आयआयपीएसने (आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था) राबवली. ६,३६,६९९ घरं, ७,२४,११५ महिला, १,०१,८३९ पुरुष, ७०७ जिल्हे. एवढा मोठा डेटा संशोधकाला फुकट मिळतो, ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण या डेटात बाई भेटते ती मुलाखतीच्या दिवशीची. तिचा निर्णय झाला त्या दिवशीची बाई त्यात नाही. प्रबंध फसतात ते बहुतेक वेळा इथेच.

आधी जमेची बाजू. महिलांच्या फाइलमध्ये लग्नाचा आणि जन्मांच्या फाइलमध्ये प्रत्येक बाळाचा महिना आणि वर्ष आहे. तारखा सीएमसीत (सेंच्युरी मंथ कोड, म्हणजे १९०० पासून मोजलेले महिने) असतात: वर्षातून १९०० वजा करा, १२ ने गुणा, महिना मिळवा. जून २०१२ म्हणजे १३५०, मार्च २०१४ म्हणजे १३७१. जून २०१२ मध्ये लग्न झालेल्या बाईला मार्च २०१४ मध्ये पहिलं मूल झालं, तर अंतर २१ महिने. साध्या वजाबाकीवर कालावधी विश्लेषण (एखादी घटना घडायला किती वेळ लागला याचा अभ्यास) उभं राहतं.

नसबंदीबाबत तर हा डेटा फारच समृद्ध आहे. शस्त्रक्रिया कधी झाली, सरकारी दवाखान्यात की खासगी, भरपाई मिळाली का, नंतर पस्तावा झाला का, सगळं विचारलेलं आहे. देशात स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदी ०.३ टक्के, हे आकडे अहवालात सगळेच वाचतात. पण दुसऱ्या बाळंतपणानंतर किती महिन्यांत शस्त्रक्रिया झाली आणि पहिली दोन्ही अपत्यं मुली असतील तर ती किती लांबली, हे कच्च्या फाइलमधूनच काढता येतं. यावर अजून चांगले प्रबंध व्हायला हवेत, असं मनापासून वाटतं.

आता खाचखळगे. लग्नाच्या वयाची सरळ सरासरी काढू नका. १५ ते १९ वयोगटात ज्यांची लग्नं झाली आहेत त्यांचं वय कमीच येणार, कारण बाकीच्या अजून अविवाहित आहेत. अविवाहित मुलींना सेन्सॉर्ड (घटना अजून न घडलेल्या) धरून कॅप्लन-मायर किंवा कॉक्स या कालावधी विश्लेषणाच्या पद्धती वापरा. दुसरं, संपत्ती निर्देशांक (घरातल्या वस्तू-सोयींवरून काढलेली आर्थिक पातळी) मुलाखतीच्या दिवशीच्या घराचा असतो. पस्तिशीतल्या बाईचं सतराव्या वर्षी झालेलं लग्न आजच्या फ्रिज-मोटरसायकलवरून समजावून सांगता येत नाही, ती श्रीमंती किंवा गरिबी सासरची आहे. जिल्ह्याचंही तेच: फाइलमध्ये आज राहते तो जिल्हा आहे, माहेरचा नाही. लग्नाच्या वयावर एखाद्या योजनेचा परिणाम जिल्हावार मोजायला बसलात, तर योजना एका जिल्ह्यातली आणि मुलगी दुसऱ्याच जिल्ह्यात वाढलेली, असा गोंधळ होतो.

महाराष्ट्रावर काम करणाऱ्यांनी ठाण्याकडे नीट बघावं. चौथी फेरी (२०१५-१६) २०११ च्या जनगणनेतल्या ६४० जिल्ह्यांवर झाली. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, म्हणून त्या फेरीत तो ठाण्यातच आहे. पाचवीत दोन्ही वेगळे आहेत. ठाण्याची ठाण्याशी तुलना केली की आदिवासी तालुके एका बाजूला राहतात आणि दुसऱ्या बाजूने गळतात. मग ‘सुधारणा’ दिसते, जी झालेलीच नसते. पाचव्या फेरीतले ठाणे-पालघर एकत्र करा, मगच तुलना. शिवाय जिल्ह्यामागे सरासरी हजारभर महिला येतात. त्यातून जिल्ह्याचा प्रजनन दर (एका बाईमागे सरासरी मुलं) काढायचा मोह टाळा. राज्यासाठी तो विश्वासार्ह आहे: चौथ्या ते पाचव्या फेरीत महाराष्ट्रात १.९ वरून १.७, देशात २.२ वरून २.०.

कोविडचा परिणाम शोधणाऱ्यांनाही इशारा. पाचव्या फेरीच्या मुलाखती दोन टप्प्यांत झाल्या. महाराष्ट्र आणि गोवा पहिल्या टप्प्यात होते, तो जानेवारी २०२० मध्ये, म्हणजे टाळेबंदीआधीच संपला. उत्तर प्रदेश, तमिळनाडू दुसऱ्या टप्प्यात, आणि तो टाळेबंदीमुळे मध्येच थांबला होता.

रोजगार, नवऱ्याची माहिती, घरगुती हिंसा हे प्रश्न राज्य मोड्यूलमध्ये आहेत, म्हणजे साधारण १५ टक्के घरांत. हिंसेसाठी घरटी एकच बाई निवडतात आणि तिचं वेट (नमुन्यातला भारांक) वेगळं असतं (फाइलमधला डी००५ रकाना). महिलांच्या बाकी विश्लेषणात व्ही००५ या वेटला दहा लाखांनी भागा आणि क्लस्टर-स्ट्रॅटा (नमुना ज्या वस्त्यांतून आणि थरांतून निवडला ते) सॉफ्टवेअरला सांगितल्याशिवाय प्रमाणचूक (स्टँडर्ड एरर) छापू नका.

महाराष्ट्राचा २००५ चा लहान कुटुंबाचा नियम (दोनपेक्षा जास्त अपत्यं असतील तर सरकारी नोकरी नाही) हा आवडता विषय. इथे मात्र हा डेटा एकटा पुरत नाही. नियम राज्यभर एकदम लागू झाला आणि कोण सरकारी नोकरीसाठी प्रयत्न करत होतं हे फाइलमध्ये नाही. शेजारच्या राज्याशी तुलना मांडताना आधीचा कल समांतर होता, हे तिसऱ्या आणि चौथ्या फेरीच्या जन्मनोंदींवरून दाखवावंच लागेल.

लग्न कोणी ठरवलं, मुलीला विचारलं होतं का, हा मूळ प्रश्न असेल तर आयएचडीएस (भारत मानव विकास सर्वेक्षण) घ्या. त्यात तो थेट विचारला आहे, आणि २००४-०५ मधली बरीच घरं २०११-१२ मध्ये पुन्हा गाठली आहेत. नमुना लहान, पण निर्णयाच्या आधीचं घर दिसतं.

फाइल उघडताना: स्टेटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या साध्या आवृत्तीची मर्यादा २,०४८ व्हेरिएबलची, महिलांची फाइल त्यापलीकडे जाते. लागतील तेवढेच रकाने निवडून घ्या. वस्त्यांचे जीपीएस बिंदू ओळख लपवण्यासाठी मुद्दाम हलवलेले असतात, शहरात २ किलोमीटरपर्यंत, गावात बहुतेक ५ पर्यंत, त्यामुळे ‘आरोग्य केंद्रापासूनचं अंतर’ जपून वापरा. आणि फाइल मिळण्याची वेळ गृहीत धरू नका. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकी निधी थांबला तेव्हा ही फाइल देणाऱ्या डीएचएस (डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हेज) कार्यक्रमाकडे नव्या नोंदण्या अडकल्या होत्या. विषय मंजुरीला पाठवण्याआधी फाइल हातात असू द्या. मार्गदर्शकांना नुसती प्रत देऊ नका, अटींप्रमाणे त्यांच्याही नावाची नोंद अर्जात करा. एवढं पहिल्याच महिन्यात उरका.