लेबर रेट की मटेरियलसह ठेका? सांगलीतलं एक घर आणि साताऱ्यातलं एक

स्वतः घर बांधलं की पैसे वाचतात, असं मला जागा घेतल्यापासून तीन जणांनी सांगितलं. हिशेबाची वही मात्र एकानंही दाखवली नाही. आता माझ्याकडे एक वही आहे आणि साडूकडे एक. माझं घर सांगलीत शामरावनगरच्या बाजूला, त्याचं साताऱ्यात शाहूनगरला, अजिंक्यताऱ्याच्या उताराजवळ. मी सामान स्वतः आणून मजुरी फुटावर दिली. साडूनं मटेरियलसह पूर्ण ठेका दिला. दोन्ही वह्या शेजारी ठेवून हे लिहितोय. दोन गुंठे घेऊन विचारात पडलेल्यांना त्याचा उपयोग व्हावा.

आपल्याकडे ‘स्वतः बांधलं’ म्हणणारा माणूस थापी हातात धरत नाही, हे आधीच सांगतो. सिमेंट, सळी, खडी, वीट तो आणतो आणि गवंडी, सेंट्रिंगवाला, बिगारी यांची मजुरी मिस्त्रीला चौरस फुटावर देतो. यालाच लेबर रेट म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत फुटाचा एकच मोठा दर ठरतो आणि किल्ली हातात येईपर्यंत सगळं ठेकेदाराकडे.

माझं घर 1,150 फुटांचं. मटेरियलसह 1,900 रुपये फूट असा दर मला मिळाला होता, म्हणजे 21 लाख 85 हजार. मजुरी 400 रुपये फुटानं देऊन, सामान आणून, अवांतर सगळं धरून माझे गेले 19 लाख 60 हजार. वाचले सव्वादोन लाख. इथंच थांबलो असतो तर मीही चौथा सांगणारा झालो असतो. काम ठेकेदाराच्या सात महिन्यांऐवजी अकरा महिने चाललं. जादा चार महिन्यांचं भाडं 9,000 प्रमाणे 36,000. राहिले 1 लाख 89 हजार.

आणि हे कुणी वाचवले? मी नाही. मी शाळेत नोकरीवर होतो. एसटीतून निवृत्त झालेले माझे वडील, अण्णा, अकरा महिन्यांत साधारण 275 दिवस साइटवर खुर्ची टाकून बसले होते. भागाकार केला तर दिवसाला 690 रुपयांच्या आसपास येतात. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे बिगाऱ्यापेक्षा बरं, गवंड्यापेक्षा कमी.”

माझ्या मते सगळा निर्णय इथंच आहे. घरात सकाळी नऊ ते सहा साइटवर थांबणारं माणूस असेल तर लेबर रेटचा विचार करा. नसेल तर ही बचत कागदावरच राहील.

कोण काय वाचवतं

ठेका कोणताही असो, समोरचा माणूस आपलं काहीतरी वाचवणारच. लेबर रेटवाला मिस्त्री वेळ वाचवतो, कारण त्याचा पैसा फुटावर आहे आणि सामान तुमचं आहे. माल सांडला, वीट फुटली, सळीचे दोन-दोन फुटांचे तुकडे उरले, तर त्याच्या खिशाला काही होत नाही. मटेरियलवाला ठेकेदार सामान वाचवतो. त्याच्याकडे सळीचा तुकडासुद्धा वाया जात नाही. पण मालात एखादं घमेलं सिमेंट कमी पडलं तर तो फायदा त्याचा.

म्हणून पहारा दोन्हीकडे लागतो, फक्त जागा बदलते. लेबर रेटमध्ये ढिगाकडे बघायचं, मटेरियलच्या ठेक्यात मिक्सरकडे. साडू पुण्यात बँकेत, रविवारी यायचा. रविवारी मिक्सर बंद असतो. त्यानं एक शहाणपणा केला. प्लॅन करणाऱ्या इंजिनिअरशिवाय देखरेखीला दुसरा इंजिनिअर वेगळा नेमला. फुटिंग, प्रत्येक कॉलम, बीम आणि स्लॅब भरायच्या आधी त्यानं सळी बघून फोटो पाठवायचे, मगच काँक्रीट. ठेकेदाराचाच इंजिनिअर हे करेल यावर विश्वास ठेवू नका. वाईट माणूस असतो म्हणून नाही, त्याचा पगार कोण देतं ते बघा म्हणून.

काय बघायचं, तेही सांगतो. स्लॅबला किमान एम-20 काँक्रीट, ढोबळ मानानं एक भाग सिमेंट, दीड वाळू, तीन खडी. एका पोत्याला तीसेक लिटरच्या वर पाणी नको. गवंड्याला माल पातळ आवडतो, कारण तो लवकर पसरतो, आणि स्लॅबची ताकद तिथंच जाते. कॉलम-बीमच्या उभ्या-आडव्या सळ्यांभोवती बांधतात त्या रिंगांची टोकं आत 135 अंशांत वळवलेली हवीत, नुसती काटकोनात नकोत. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप ज्या पट्ट्यानं पाहिला, तिथं याची आठवण करून द्यावी लागू नये. पण लागते. टोक पूर्ण वळवायला वेळ लागतो आणि कुणी बघत नसेल तर सेंट्रिंगवाला ते वळवत नाही.

पाणी मारणं हा दोन्हीकडचा अनाथ विषय. स्लॅबवर सात ते दहा दिवस ओल टिकली पाहिजे. आजकाल बहुतेक पोती पीपीसीची, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटची असतात, त्यामुळे दहाच धरा. सांगलीच्या एप्रिलमध्ये अण्णांनी स्लॅबवर बांध घालून चौदा दिवस पाण्याची आळी भरून ठेवली. साडूच्या साइटवर वॉचमन पाणी मारतो असं ठरलं होतं. तो संध्याकाळी पाइप फिरवायचा आणि दुपारी स्लॅब पांढरा पडलेला असायचा. शेवटी शेजारच्या काकूंना विनंती केली, तेव्हा ते मार्गी लागलं.

सामान स्वतः घेताना

सळी आणि सिमेंट स्वतः घेऊन फार वाचतं, हा गैरसमज आहे. ठेकेदार वर्षाला दहा घरं करतो, त्याला दुकानदार तुमच्यापेक्षा कमी दर आणि वर उधारी देतो. मला भावात जवळजवळ काहीच सुटलं नाही. सुटलं ते मापात.

सळीचं माप सोपं आहे. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करा, 162 नं भागा, की एका मीटरचं किलोतलं वजन येतं. 12 मिलिमीटरची 12 मीटर लांब सळी साधारण 10.7 किलो भरते. नग मोजा, गुणा, आणि वजनकाट्याच्या पावतीशी ताडून बघा. थोडा फरक चालतो, फार दिसला तर गाडी उतरवू नका.

खडी आणि क्रश सँड ब्रासवर येते. ब्रास म्हणजे 100 घनफूट. ट्रॉलीवाला ‘एक ब्रास’ म्हणतो ती ट्रॉली आतून मोजा. दहा फूट लांब, पाच फूट रुंद असेल तर माल दोन फूट उंच हवा. अण्णांनी पहिल्याच दिवशी टेप काढला, तेव्हा दीड फुटाच्या जरा वर भरला. चार ट्रॉल्यांत जवळजवळ एक ब्रास गायब. त्यानंतर ती गाडी आलीच नाही, दुसरी आली आणि बरोबर भरून आली.

चुका आमच्याही झाल्या. मे अखेर सिमेंट स्वस्त मिळालं म्हणून जास्त पोती उतरवली. जूनच्या पहिल्या पावसात भिंतीला टेकलेली चौदा पोती दगड झाली. खाली फळ्या होत्या, भिंतीपासून अंतर ठेवायचं राहिलं. बाथरूमचा उतार जाळीच्या उलट गेला, टाइल्स काढून परत बसवल्या, 11,000 गेले. मटेरियलच्या ठेक्यात हा खर्च ठेकेदाराचा झाला असता. लेबर रेटमध्ये मिस्त्री म्हणतो, “साहेब, तुम्ही सांगितलं तसं केलं.” आणि खरंच, लेव्हल कुणी दिली हे आम्हाला आठवत नव्हतं.

कामाचा वेळ गाळप हंगामाशीही जोडलेला असतो. कारखाने सुरू झाले की ट्रॅक्टर उसाला लागतात, ट्रॉली मिळत नाही. पावसाळ्यात वीटभट्ट्या बंद असतात, म्हणून वीट उन्हाळ्यातच आणून रचून ठेवा. गावच्या यात्रेला मजूर जातात आणि उचल दिलेली असेल तर परत यायची घाई करत नाहीत. उचल द्यावीच लागते, पण झालेल्या कामापेक्षा ती पुढे जाऊ देऊ नका.

जमिनीखालचा खर्च

फुटाचा दर ठरतो तेव्हा बोलणं स्लॅबवर होतं. भांडण होतं ते जमिनीखाली.

आमच्याकडे काळी माती. पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरूम लागेपर्यंत सात फूट खाली जावं लागलं. मिस्त्रीचा दर पाच फुटांपर्यंतचा होता, त्याखालच्या खोदाईचे आणि कॉलमचे वेगळे पैसे. साडूच्या जागेवर उलटा प्रकार. अडीच फुटांवर कातळ. खोली कमी म्हणून तो खूश होता, तेवढ्यात ब्रेकरचं तासाचं बिल आलं. करारात ‘कठीण खडक लागल्यास जादा’ अशी एक ओळ होती, दर लिहिला नव्हता. म्हणून दर आधीच लिहून घ्या: किती फुटांपर्यंत तुमच्या दरात, पुढे प्रत्येक फुटाला किती, ब्रेकर तासाला किती.

सांगलीकरांना आणखी एक खर्च, जोत्याचा. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. धोका पातळी 45 आहे. प्लॉट घेण्याआधीच पूररेषेचा नकाशा बघा. नदीजवळच्या निळ्या रेषेच्या आत बांधकामाचा विचारच सोडा. निळी आणि त्यापलीकडची, मोठ्या पुराची लाल रेषा यांच्या मधल्या पट्ट्यात बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा 45 सेंटिमीटर वर लागतं. जोतं दोन फुटांनी उचललं की हजार फुटांच्या घराला 20 ब्रास मुरूम, आणि धुमसल्यावर तो बसतो म्हणून आणखी चार-पाच ब्रास. हा भराव कुठल्याच फुटाच्या दरात नसतो.

बाकी दरात नसलेल्या गोष्टी दोन्ही वह्यांत त्याच निघाल्या: पाण्याची टाकी, कंपाउंड, गच्चीचा कोबा, पॅरापेट, माळे, जिन्याचं रेलिंग. ‘चांगल्या प्रतीची टाइल’ असं करारात लिहू नका. ‘टाइलचा मूळ दर 45 रुपये फूट’ असं लिहा. साडूनं दुसरं लिहिलं आणि टाइलवरून वाद झाला नाही. नळ आणि स्विचबद्दल पहिलं लिहिलं, तिथं झाला.

कर आणि कर्ज

थोडक्यात. एकट्या घराच्या निव्वळ मजुरीच्या ठेक्यावर जीएसटी नाही. मटेरियलसह ठेक्यावर 18 टक्के. वीस लाखांवर 3 लाख 60 हजार दिसतात, पण तेवढे सगळे वाचतात असं समजू नका. सिमेंट-सळी तुम्ही घेताना त्यावर कर भरताच (सिमेंटवरचा 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 वर आला), आणि नोंदणी असलेल्या ठेकेदाराला तोच कर वजा मिळतो. मला मिळालेला 1,900 चा दर बिलाशिवायचा होता. बिलासह मागितला असता तर माझी बचत जास्त दिसली असती. पण बिल नाही म्हणजे वाद झाला तर हातात काही नाही, हेही आहे.

बँक दोन्ही प्रकारांत टप्प्याटप्प्यानं पैसे सोडते: जोतं, स्लॅब, प्लास्टर. लेबर रेटमध्ये दुकानदाराला रोख लागते आणि हप्ता नंतर येतो, म्हणून दोन-तीन लाख स्वतःचे हाताशी हवेत. जागा गुंठेवारीतली (परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेला प्लॉट) असेल तर नियमितीकरणाचा दाखला आधी. त्याशिवाय कर्जाचा विषय पुढे सरकत नाही.

आणि फ्लॅट? जागा अजून घेतलीच नसेल तर फ्लॅटही बघा, एवढंच म्हणतो. मुद्रांक शुल्क फ्लॅटच्या पूर्ण किमतीवर लागतं, स्वतः बांधताना फक्त प्लॉटच्या. उलट बाजूला, बिल्डरवर रेराच्या कायद्यानं पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी असते. आमच्या मिस्त्रीचा नंबर सहा महिन्यांत बदलला.

मी पुन्हा बांधलं तर

साडूसारखा बाहेरगावी असतो तर मटेरियलसह ठेकाच दिला असता, वेगळा इंजिनिअर नेमून. अण्णा आणखी पाच वर्षांनी थकले असते तरी तेच. आज मात्र मधला रस्ता धरेन. जोत्यापासून स्लॅबपर्यंत सामान माझं, मजुरी फुटावर, कारण तिथलं सगळं मोजता येतं: पोतं, सळी, ब्रास. प्लंबिंग, वायरिंग आणि टाइल्स त्या-त्या माणसाला सामानासह, कारण तिथं चूक भिंतीत गाडली जाते आणि ती कुणाची हे नंतर ठरत नाही. टाइल आणि नळ मात्र दुकानात जाऊन मीच निवडेन. बायकोला न घेता नाही. गेल्या वेळी एकटा गेलो आणि स्वयंपाकघराचा ओटा दोनदा बसवला.

साडूच्या कंपाउंडचं काम आता निघालंय. लेबर रेटवर. परवा त्यानं अण्णांना फोन केला, “पंधरा दिवस साताऱ्याला येऊन राहता का, हवापालट होईल.” अण्णांनी आधी रोजचा दर विचारला.