पिसांसाठी काय घ्यावं: कॉन्ट्रास्ट की थरावर थर?

टेबलावरच्या युद्धखेळासाठीच्या छोट्या मूर्ती, म्हणजे मिनी: प्राइम केलेले (रंगाआधीचा अस्तराचा हात दिलेले) तीस कावळे टेबलावर ओळीने बसलेत, खेळ दिवाळीच्या सुट्टीत आहे आणि बाटली कुठली उघडायची हे ठरत नाहीये. अशा माणसासाठी हे लिहितोय. कॉन्ट्रास्ट म्हणजे एकाच हातात काम करणारा पातळ रंग, थर म्हणजे झाकणाऱ्या रंगाचे पातळ हात एकावर एक. जळगावात बसून मी दोन्ही पद्धतींनी पाखरं रंगवली आहेत. थव्याला कॉन्ट्रास्ट आणि सरदाराला थर, असा माझा साधा हिशेब आहे. तो कुठे फसतो तेही सांगतो.

गेम्स वर्कशॉप या मिनी बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीने २०१९ मध्ये कॉन्ट्रास्ट आणला, मग इतरांचेही तसले रंग आले. रंग पातळ आणि पारदर्शक. उंचवट्यावरून ओघळतो, खाचेत साठतो. २८-३२ मिमीच्या मिनीवर पिसं मुद्दाम खोल कोरलेली असतात, त्यामुळे सावली आणि उजेड दोन्ही एकाच हातात मिळतात. स्लॅपचॉप केलं तर आणखी बरं: काळा प्रायमर, त्यावर राखाडी ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर घासायचा), पिसांच्या टोकांना जरासा पांढरा आणि वरून कॉन्ट्रास्ट. माझे दहा कावळे एका दुपारी झाले. थरांनी तेवढ्याच वेळात दोन झाले असते.

कावळ्यात चूक एकच, आणि ती सगळे करतात: निव्वळ काळा. माझा पहिला कावळा तसाच होता. शेजारच्या मावशींनी हातात घेऊन विचारलं, "हाऊ कावया शे का घार?" बरोबरच होतं त्यांचं, पीस एकही दिसत नव्हतं. काळ्यात थेंबभर निळा घाला आणि टोकं निळसर राखाडीने उचला. मान राखाडी केली तर गावकावळा, काळीच ठेवली तर डोमकावळा. अर्धा थवा असा, अर्धा तसा केला की टेबलावर दोन पलटणी लांबूनही ओळखू येतात.

कॉन्ट्रास्ट फसतो रुंद, गुळगुळीत पंखावर. खाच नसली की रंगाचं डबकं होतं आणि वाळताना कडेला रेघ उमटते. ओलं असतानाच ओलसर ब्रशने जादा रंग टिपून घ्यायचा. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा टिपायला वेळच मिळत नाही. एकदा कूलरसमोर बसून गरुडाचा पंख रंगवत होतो. डाव्या टोकाकडून उजवीकडे पोचेपर्यंत डावं वाळलं होतं. त्यावर दुसरा हात मारला, तर चहाच्या कपाखाली उमटतात तसली कडी पडली. ती आजही आहे. उन्हाळ्यात कूलरकडे पाठ करून बसा आणि पंख एका दमात न रंगवता पिसांच्या ओळीओळीने रंगवा. स्प्रे प्रायमर पहाटेच मारा, दुपारी तो हवेतच वाळतो आणि पिसांवर वाळूसारखा बसतो.

थरांच्या पद्धतीला उन्हाचा त्रास निराळा: रंग पॅलेटवरच सुकतो. डब्याच्या झाकणात ओला स्पंज आणि वर बटर पेपर, एवढ्यावर संध्याकाळ निघते.

आता सरदार. मी घुबडाची मिनी रानपिंगळा म्हणून रंगवली, कारण हे पाखरू आपलं आहे. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पुरावा नव्हता, नामशेषच धरलं होतं. मग नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना ते शहाद्याजवळ पुन्हा सापडलं. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपकेच ठिपके, याच्या डोक्यावर जवळजवळ नाहीत. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा. इथे कॉन्ट्रास्टने हात टेकले. रंग पारदर्शक, त्यामुळे गडदावर फिका चढतच नाही. मातकट राखाडीपासून सुरुवात करून पांढऱ्याचे तीन पातळ हात दिले तेव्हा कुठे पट्टे उठले. तीन संध्याकाळी गेल्या, पण गेल्याचं वाईट वाटलं नाही.

नीलपंख मात्र माझा हिशेब मोडतो. त्याच्या पंखातला निळा रंगद्रव्याचा नसतोच, पिसाच्या बारीक रचनेतून परतणाऱ्या प्रकाशाचा असतो. म्हणून बहुधा ट्यूबमधला झाकणारा निळा त्याच्यावर मेल्यासारखा दिसतो. पांढऱ्या प्रायमरवर पारदर्शक निळा ओढला की उजेड खालच्या पांढऱ्यावरून परत येतो आणि पंख पेटतो. मान आणि छातीचा तांबूस तपकिरी मात्र थरांनीच. एकाच पाखरावर दोन्ही पद्धती.

खर्चाचं म्हणाल तर कॉन्ट्रास्ट बाहेरून मागवावा लागतो आणि १८ मिलीची बाटली खिशाला लागते. कॅमलचं ॲक्रिलिक कुठल्याही मोठ्या स्टेशनरीत मिळतं. घट्ट असतं, पाणी घालून दुधाइतकं पातळ करा. ब्रश सिंथेटिकचा एक नंबर पुरतो. कोणी मुंगसाच्या केसांचा दाखवला तर घेऊ नका, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो व्यापार गुन्हा आहे.

मी आज सुरुवात केली असती तर कॉन्ट्रास्टच्या तीनच बाटल्या मागवल्या असत्या: काळी, तपकिरी, निळी. बाकी सगळं ट्यूबमधून. आणि वॉर्निश पावसाळा सरल्यावर, नाहीतर दमट हवेत काळ्या कावळ्यांवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं.