‘गॅस संपलाय, मॅडम’ : फ्रिजवाल्याने घातलेला गंडा

फ्रिज दुरुस्तीला आलेला माणूस काहीही न उघडता ‘गॅस संपलाय’ म्हणाला, तर त्याला चहासुद्धा विचारू नका. आम्ही चहा दिला, वर ४,२०० रुपयेही दिले. डोंबिवलीत आणखी कुणाच्या घरी हे व्हायच्या आत लिहून टाकते.

आमचा फ्रिज दोन दरवाज्यांचा, फ्रॉस्ट फ्री. वॉरंटी कधीच संपलेली. ऐन मे महिन्यात खालच्या कप्प्यातलं दूध नासायला लागलं आणि पाठोपाठ वरचा फ्रीझरही ढेपाळला. सासूबाईंनी डबे भरून ठेवलेला आमरस पातळ झाला. कॉम्प्रेसर मात्र अखंड घुरघुरत होता.

नवऱ्याने कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर डोंबिवली’ असं टाकून शोधलं. सगळ्यात वर आलेला नंबर साधा मोबाइलचा होता, पण लोगो, पत्ता, लोकांनी दिलेले तारे, सगळं साग्रसंगीत. फोनवरच्या बाईंनी अगदी कंपनीच्या थाटात कम्प्लेंट नंबर दिला आणि तासाभरात माणूस दारात हजर. टी-शर्टवर लोगो, गळ्यात ओळखपत्र, बोलणं गोड.

त्याने माझा हात फ्रिजच्या बाजूच्या पत्र्यावर ठेवायला लावला. ‘बघा मॅडम, बॉडी किती तापलीय. गॅस संपलाय, कॉम्प्रेसर सुका चालतोय. असाच ठेवलात तर उडणार.’ पत्रा खरोखरच तापला होता. पुढे खरा मेकॅनिक आला तेव्हा यातली गोम कळली. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजना मागे ती काळी जाळी नसते. उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्यांच्या आतून फिरवलेल्या असतात, त्यामुळे पत्रा गरम लागणारच. गॅस संपला असता तर तो जवळजवळ गारच लागला असता. म्हणजे गॅस असल्याचा पुरावा दाखवूनच त्याने आम्हाला गॅस नसल्याचं पटवलं. मानलं पाहिजे!

मग फ्रिज रिकामा करायला लावला, भिंतीपासून ओढला आणि मागे बसून कसल्याशा डब्यातून ‘फुस्स’ असा आवाज काढला. त्या वेळी मला जुनी वर्तमानपत्रं आणि बादली आणायला पाठवलं होतं. उठल्यावर म्हणाला, ‘आता रात्रभर बंद ठेवा, दोन्ही दरवाजे उघडे. गॅस सेट व्हायला पाहिजे. खाली पाणी येईल, ते मॉइश्चर आहे, घाबरू नका.’ पैसे क्यूआर कोडवर घेतले. नाव आलं कुठल्यातरी एंटरप्रायझेसचं. बिलावर लोगो छापलेला, जीएसटी नंबरचा पत्ता नाही आणि पेनने लिहिलेलं : ‘गॅस चार्जिंग १ किलो, ९० दिवस गॅरंटी.’

सकाळी फरशीवर पाण्याचं तळं झालं होतं. फ्रिज चालू केला आणि संध्याकाळपर्यंत बर्फ जमला. सासूबाई खूश. आम्ही त्या नंबरला पाच ताऱ्यांचा शेरासुद्धा दिला.

आठवडा उलटतो न उलटतो तोच पुन्हा तेच रडगाणं. त्याच माणसाला बोलावलं. गॅरंटीचं नाव काढताच म्हणाला, गॅस बरोबर आहे, आता कॉम्प्रेसर चोक झालाय. फ्रिज वर्कशॉपला न्यावा लागेल, ७,५०० रुपये होतील, निम्मे आत्ता द्या. सासूबाईंनी ‘फ्रिज घराबाहेर जाणार नाही’ असं ठणकावलं, म्हणून तो तरी वाचला. वर्कशॉपच्या नावाने नेलेल्या फ्रिजचा धड कॉम्प्रेसर काढून जुना बसवून देतात, असं नंतर सोसायटीतच ऐकायला मिळालं.

शेवटी स्टेशनजवळच्या दुकानातल्या, आमच्या इमारतीतले एसी बघणाऱ्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने पत्र्याला हातही लावला नाही. फ्रीझर उघडला, आतल्या मागच्या प्लास्टिकच्या पॅनेलचे स्क्रू काढले आणि मला म्हणाला, ‘ताई, या बघायला.’ पॅनेलमागची गारवा देणारी नळ्यांची सगळी कॉइल पांढऱ्या बर्फाच्या लादीत गाडली गेली होती. पंख्याची पातीसुद्धा बर्फाला घासत होती.

फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये बर्फ धरतच नाही असं नाही. तो कॉइलवर धरतो, आणि ठरावीक तासांनी एक हीटर चालू होऊन तो वितळवतो. पाणी नळीतून मागच्या ट्रेमध्ये उतरतं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जातं. त्या हीटरला बायमेटल नावाचा एक छोटा गोल स्विच असतो. कॉइल गोठलेली असताना त्यातून करंट जायला हवा. मेकॅनिकने मीटर लावला, तर काटा ढिम्म. बायमेटल गेलेला, म्हणून हीटर बंद, म्हणून बर्फ साचत गेला आणि पंख्याची गार हवा अडली. खालच्या कप्प्याला हवा वरूनच येते, त्यामुळे दूध आधी नासलं.

आता रात्रभर दरवाजे उघडे ठेवायला का सांगितलं ते लक्षात येईल. मे महिन्यातल्या डोंबिवलीच्या उकाड्यात सगळा बर्फ वितळला, तेच ते पाण्याचं तळं. कॉइल मोकळी झाली, फ्रिज पुन्हा गार करायला लागला आणि श्रेय गॅसला मिळालं. पुन्हा बर्फ साचेपर्यंत ग्राहक खूश, तोवर पैसे पचलेले.

फ्रिजवाल्याने गॅस भरलाच नव्हता, हेही मेकॅनिकने दाखवलं. कॉम्प्रेसरला गॅस भरायची एक तांब्याची नळी असते, तिचं टोक कारखान्यातच दाबून बंद केलेलं असतं. गॅस भरायचा तर ते कापावं लागतं किंवा नळीवर वेगळा व्हॉल्व्ह बसवावा लागतो. आमच्या नळीचं टोक जसंच्या तसं होतं, वरची धूळसुद्धा हललेली नव्हती. आणि शेजारीच गॅसचं नाव आणि वजन सांगणारा स्टिकर : आर ६००ए, ५२ ग्रॅम. आमच्या बिलावर १ किलो! बरं, हा गॅस ज्वालाग्राही असतो. किलोभर स्वयंपाकघरात सोडला असता तर लिहायला मी नसते.

फ्रिजमधला गॅस बंद नळ्यांतून फिरत असतो, वापरून संपत नाही. गळती असेल तरच जातो. मग गळती शोधून जोड मारणं, फिल्टर बदलणं, व्हॅक्यूम पंप लावून नळ्या रिकाम्या करणं आणि काट्यावर तोलून गॅस भरणं, एवढं सगळं करावं लागतं. पंप आणि काटा न आणता कुणी ‘गॅस भरतो’ म्हणालं तर दार दाखवा. तुमच्याही फ्रीझरने असाच दगा दिला, तर एक दिवस फ्रिज बंद करून दरवाजे उघडे ठेवा. नंतर थोडे दिवस छान चालून पुन्हा बिघडला, तर दोष बहुतेक बर्फ वितळवण्याच्या यंत्रणेत असतो. सुरी घेऊन बर्फ खरवडू नका. कॉइलला भोक पडलं तर मात्र गॅस खरोखरच जाईल.

बायमेटल आणि मजुरी मिळून ९०० रुपये झाले. जुना तुकडा मेकॅनिकने न मागता हातात ठेवला.

कंपनीचा खरा टोल फ्री नंबर वॉरंटी कार्डावर होता. तिथे विचारलं तर आमच्या नावावर तक्रारच नोंदलेली नव्हती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि सायबर फसवणुकीसाठीची १९३०, दोन्हीकडे तक्रार केली आहे. १९३०वर पैसे गेल्या गेल्या फोन केला तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता असते. आम्हाला कळेपर्यंत वेळ टळली होती. पैसे अजून परत आलेले नाहीत. आम्ही दिलेले पाच तारे काढून खरं काय ते लिहिलं, तर ती नोंदच गायब झाली. परवा शेजारणीने वॉशिंग मशीनसाठी नंबर शोधला, तर तोच मोबाइल नंबर दुसऱ्या कंपनीच्या लोगोखाली वर आला. तिलाही बाई म्हणाल्या, तासाभरात माणूस पाठवते.